आरोपपत्र मिळाल्यापासून अंतिम आदेशापर्यंत: कंपनीतील खातेनिहाय चौकशीला कसे सामोरे जावे

कारखान्यात किंवा कंपनीत गैरवर्तणुकीचा आरोप झालेला कामगार बहुतेक वेळा तीनपैकी एक चूक करतो. तो आरोपपत्र घेण्यास नकार देतो, कोणाच्या तरी सांगण्यावरून माफीपत्र लिहून देतो, किंवा "हा सगळा देखावा आहे" असे म्हणून चौकशीला जाणेच सोडतो. पुढे बडतर्फीचा आदेश हाती आला की तो वकिलाकडे धावतो आणि खरी हकीकत तेथे पहिल्यांदा सांगतो. तोपर्यंत फार उशीर झालेला असतो, कारण चौकशी न्याय्य रीतीने झाली असे न्यायाधिकरणाला वाटले, तर ते शिक्षेचा विचार करताना चौकशीत आधीच नोंदलेल्या पुराव्याबाहेर जात नाही आणि नवा पुरावा घेत नाही. म्हणून आपले म्हणणे, आपली हरकत आणि आपला पुरावा चौकशीच्या कागदावर त्याच वेळी येणे, यावर या लेखातील प्रत्येक पायरीचा भर आहे.

हा लेख खासगी आस्थापनांतील कामगारांसाठी आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू होतात आणि त्यांचा क्रम बराच वेगळा आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशीही २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समितीपुढे वेगळ्या पद्धतीने चालते, त्यामुळे तिला पुढील पायऱ्या जशाच्या तशा लावू नयेत.

१. आपल्याला कोणते नियम लागू आहेत ते आधी पाहावे

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनांना स्थायी आदेशांचे प्रकरण लागू होते. गैरवर्तणूक कशाला म्हणायचे, चौकशी कशी करायची आणि कोणत्या शिक्षा देता येतात, हे स्थायी आदेशांत लिहिलेले असते. आस्थापना लहान असेल तर नियुक्तीपत्र, सेवानियम आणि युनियनशी झालेला करार हाताशी घ्यावा. यांपैकी काहीच नसले, तरी नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागू राहतात: आरोप स्पष्ट कळला पाहिजे, पुरावा आपल्यासमोर आला पाहिजे, उलटतपासणीची व बचावाची संधी मिळाली पाहिजे आणि निर्णय देणारी व्यक्ती निःपक्षपाती असली पाहिजे.

आपण कायद्याच्या अर्थाने "कामगार" आहोत का, हेही याच वेळी तपासावे. हुद्दा सुपरवायझरचा आणि पगार दरमहा १८,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर कंपनी पुढे हा मुद्दा नक्की काढते. मात्र केवळ हुद्द्याच्या नावावरून निकाल होत नाही. प्रत्यक्ष काम काय होते हे पाहिले जाते, म्हणून रोजच्या कामाचे पुरावे (कामवाटपाच्या चिठ्ठ्या, लॉगबुकातील नोंदी) जपून ठेवावेत.

२. आरोपपत्र स्वीकारावे

आरोपपत्र घेतल्याने आरोप मान्य केला असा अर्थ होत नाही. प्रतीवर "दि. … रोजी, वेळ … वाजता मिळाले" एवढेच लिहून सही करावी. मजकूर कळत नसलेल्या भाषेत असेल तर "मजकूर समजला नाही, मराठी प्रत मिळावी" असेही तेथेच लिहावे. नकार दिला तर व्यवस्थापन दोन साक्षीदारांच्या सह्यांनी पंचनामा करते, टपालावर "घेण्यास नकार" असा शेरा येतो, आणि आरोपपत्र बजावले गेले असे धरले जाते. कामगाराच्या हातात मात्र आरोपाची प्रतच राहत नाही.

त्याच दिवशी एक फाईल सुरू करावी. टपालाने आलेला लिफाफा शिक्क्यासह जपावा, कारण मुदतीचा वाद निर्माण झाला तर त्यावरची तारीखच कामी येते. घटनेच्या दिवशी काय घडले, कोण कोण हजर होते आणि कोणती पाळी होती, हे आठवते तसे वहीत तारीख घालून लिहून काढावे. सहा महिन्यांनी साक्ष देताना ही वही लागते.

*तपासा:* हातातला कागद नेमका काय आहे? "कारणे दाखवा नोटीस" ही बहुधा प्राथमिक विचारणा असते. तिला दिलेले उत्तरही पुढे पुरावा म्हणून वापरले जाते, म्हणून ती किरकोळ समजून घाईत चार ओळी खरडून देऊ नयेत.

३. निलंबन झाले असेल तर

चौकशी प्रलंबित असतानाचे निलंबन ही शिक्षा नव्हे, आणि त्या काळात निर्वाह भत्ता द्यावाच लागतो. संहितेनुसार पहिल्या ९० दिवसांसाठी तो वेतनाच्या ५० टक्के असतो. त्यानंतर, विलंब कामगाराच्या वागण्यामुळे झालेला नसेल तर, तो ७५ टक्के होतो. तपास आणि चौकशी निलंबनापासून साधारणतः ९० दिवसांत पूर्ण व्हावी असेही संहिता सांगते. आपल्या स्थायी आदेशांत किंवा करारात याहून चांगली तरतूद आहे का, ते पाहावे.

भत्ता मिळाला नाही तर गप्प बसू नये. दर महिन्याला लेखी मागणी करावी, आणि प्रवासाला पैसे नसल्याने चौकशीला येता येत नसेल तर तेही त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये कॅप्टन एम. पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स या प्रकरणात, निर्वाह भत्ता न दिल्यामुळे कर्मचारी हजर राहू शकला नाही म्हणून एकतर्फी चौकशी दूषित ठरवली. पण त्याचा आधार घेण्यासाठी भत्ता न मिळणे आणि हजर न राहता येणे यांतला संबंध कागदावर दिसावा लागतो.

निलंबनाच्या काळात दुसरीकडे नोकरी करत नसल्याचे लेखी निवेदन किंवा ठरलेल्या वेळी गेटवर हजेरी, अशा अटी अनेक आस्थापनांत असतात. त्या कटाक्षाने पाळाव्यात. एक हजेरी चुकली तरी कंपनीला भत्ता रोखण्याचे निमित्त मिळते.

४. आरोपपत्राची चिरफाड करावी

एका कागदावर प्रत्येक आरोप सुटा करून लिहावा. त्यासमोर चार गोष्टी नोंदवाव्यात: तारीख व वेळ, जागा, नेमके कृत्य, आणि ते स्थायी आदेशांच्या कोणत्या कलमात बसते असे कंपनी म्हणते. यांपैकी जो रकाना रिकामा राहील तेथे आरोप मोघम आहे असे समजावे.

"आपण गेल्या काही महिन्यांपासून वरिष्ठांशी उद्धट वागत आहात" या आरोपाला कोणीही नेमके उत्तर देऊ शकत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या वरिष्ठाशी, कोणते शब्द वापरले, हे मागण्याचा आपल्याला हक्क आहे. स्थायी आदेशांच्या यादीत न बसणारे कृत्य गैरवर्तणूक म्हणून लावले असेल तर तीही हरकत याच टप्प्यावर घ्यावी.

आरोपपत्राची भाषाही नीट वाचावी. "आपण हे कृत्य केले आहे आणि आपण कामावर ठेवण्यास लायक नाही" असे लिहिलेले असेल, तर निर्णय आधीच झाला आहे हे त्यातूनच दिसते, आणि ते उत्तरात नोंदवावे.

यानंतर कागदपत्रांची मागणी करावी. मूळ तक्रार किंवा रिपोर्ट, प्राथमिक तपासात घेतलेले जबाब, हजेरीपत्रक, सुरक्षा विभागाचे रजिस्टर, सीसीटीव्ही चित्रीकरण आणि साक्षीदारांची यादी या सगळ्याच्या प्रती मागाव्यात. चित्रीकरण ठराविक दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे "अमुक कॅमेऱ्याचे, अमुक वेळेतील चित्रीकरण जतन करावे" असे स्वतंत्र पत्र पहिल्या दोन दिवसांतच द्यावे. ही एक गोष्ट लोक हमखास विसरतात आणि नंतर कितीही हळहळले तरी ती परत मिळत नाही.

५. उत्तर: थोडक्यात, मुदतीत आणि पोच घेऊन

कागदपत्रे मिळाली नाहीत म्हणून उत्तरच न देणे चुकीचे आहे. मुदतीच्या आत निदान असे उत्तर जावे:

"आरोपपत्रातील आरोप मला मान्य नाहीत. आरोप क्र. २ मध्ये तारीख व वेळ नमूद नसल्याने त्यास उत्तर देणे शक्य नाही, तरी तपशील द्यावा. सोबतच्या यादीतील कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यावर सविस्तर उत्तर देण्याचा माझा हक्क राखून ठेवीत आहे."

पत्र हातोहात दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घ्यावी. पोच देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि कंपनीच्या अधिकृत ईमेलवर पाठवावे.

*सावधान:* "माफीपत्र लिहून द्या, प्रकरण मिटवून टाकू" असे तोंडी आश्वासन मिळाले तर थांबावे. माफीपत्र म्हणजे कबुली, आणि ते वाचणाऱ्या न्यायाधिकरणाला तोंडी आश्वासन दिसत नाही. समेट खरोखर व्हायचा असेल तर शिक्षा काय आणि प्रकरण बंद कधी, हे त्याच कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात.

घटना खरोखर घडली असेल तर काय करावे? सरसकट नाकारणे मला योग्य वाटत नाही. खोटा बचाव उलटतपासणीत कोसळला की उरलेला खरा भागही कोणी मानत नाही. अशा वेळी जेवढे घडले तेवढेच मान्य करावे, परिस्थिती सांगावी, आणि आरोपाचा वाढवलेला भाग नाकारावा. उदाहरणार्थ, "मी मोठ्या आवाजात बोललो हे खरे आहे, मात्र मी शिवीगाळ केली नाही किंवा अंगावर धावून गेलो नाही." असे उत्तर देण्यापूर्वी प्रत्येक वाक्य जाणकाराला दाखवावे. त्याच घटनेवरून पोलिसांत गुन्हा नोंद असेल तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणतेही लेखी उत्तर देऊ नये, कारण चौकशीत उघड केलेला बचाव फौजदारी खटल्यात आपल्याच विरुद्ध जाऊ शकतो.

६. चौकशी अधिकारी, बचाव प्रतिनिधी आणि भाषा

चौकशी अधिकाऱ्याला कंपनी मानधन देते किंवा तो बाहेरचा वकील आहे, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. ही हरकत घेऊन अनेकांनी आपली ताकद वाया घालवली आहे. टिकणारी हरकत वेगळी असते: तो स्वतः घटनेचा साक्षीदार आहे, तक्रारदार आहे, प्राथमिक तपास त्यानेच केला आहे, किंवा तक्रारदाराच्या हाताखाली काम करतो. असे असेल तर पहिल्याच बैठकीत लेखी हरकत द्यावी आणि ती फेटाळली तरी "हरकत कायम ठेवून सहभागी होत आहे" असे लिहून पुढे जावे.

बचाव प्रतिनिधी म्हणून सहकारी कामगार किंवा युनियनचा पदाधिकारी मागावा. बाहेरची व्यक्ती किंवा वकील मिळणे हा सरसकट हक्क नाही, तो स्थायी आदेशांवर अवलंबून असतो. पण कंपनीची बाजू मांडणारा अधिकारी कायद्याचा जाणकार असेल तर चित्र बदलते. मुंबई बंदराचे विश्वस्त मंडळ विरुद्ध दिलीपकुमार नाडकर्णी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सांगितले की, एका बाजूला कायदा शिकलेले अधिकारी उभे करून दुसऱ्या बाजूला वकील नाकारणे न्याय्य नाही. म्हणून व्यवस्थापन प्रतिनिधीचे शिक्षण व हुद्दा पहिल्याच दिवशी विचारून ते नोंदवून घ्यावे आणि मगच वकिलाची मागणी करावी.

प्रतिनिधी निवडताना जोरात बोलणारा शोधू नये. जो शांतपणे कागद वाचतो, मुद्देसूद लिहितो आणि प्रत्येक तारखेला येऊ शकतो, तो घ्यावा.

कामकाज इंग्रजीत लिहिले जात असेल आणि आपल्याला ते समजत नसेल, तर मराठीत नोंद करण्याची किंवा प्रत्येक उत्तर मराठीत वाचून दाखवण्याची मागणी करावी. आपण तोंडी मराठीत सांगितलेले इंग्रजीत उतरताना अर्थ बदलतो, आणि नंतर सही आपली असते.

७. पहिली बैठक: क्रम उलटा होऊ देऊ नये

पहिल्या दिवशी आरोप वाचून दाखवले जातात व ते मान्य आहेत का असे विचारले जाते. "मान्य नाहीत" एवढेच उत्तर द्यावे. "तसे काही नाही साहेब, त्या दिवशी असे झाले की…" अशी सुरुवात केली की ती कबुली म्हणून लिहिली जाण्याचा धोका असतो.

त्यानंतरचा क्रम ठरलेला आहे. आधी व्यवस्थापनाने आपले साक्षीदार व कागद आणायचे, आपण त्यांची उलटतपासणी करायची, आणि ते सगळे संपल्यावरच आपला बचाव सुरू होतो. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते. तरीही अनेक ठिकाणी चौकशी अधिकारी पहिल्याच दिवशी कामगारालाच प्रश्नांच्या फैरीत उभे करतो. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या १९६३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच प्रकाराला आक्षेप घेतला होता. असे झाले तर "व्यवस्थापनाचा पुरावा पूर्ण होण्यापूर्वी माझी तपासणी घेण्यास हरकत आहे" हे वाक्य कामकाजात लिहून घ्यावे.

*तपासा:* साक्षीदार साक्ष देत असताना आपण खोलीत आहात का? आपल्या अपरोक्ष घेतलेला जबाब नुसता वाचून दाखवला जात असेल, तर त्या व्यक्तीला उलटतपासणीसाठी बोलावण्याची लेखी मागणी करावी.

८. उलटतपासणी

सगळ्यात जास्त तयारी येथे लागते, आणि सगळ्यात जास्त चुका येथेच होतात. म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊन सांगतो. आरोप असा आहे की कामगार तिसऱ्या पाळीत पहाटे ३.१५ ते ३.५० या वेळेत प्रेस मशीनजवळ झोपलेला आढळला. साक्षीदार आहे पाळीचा सुपरवायझर. सोबत त्याचा रिपोर्ट आणि मोबाइलवर काढलेला एक फोटो आहे.

तयारी कागदांपासून सुरू होते. त्या तासाची उत्पादन नोंद, मशीन बंद असल्याची नोंद, सुपरवायझरची फेरी ज्यात लिहिली जाते ते रजिस्टर, आणि रिपोर्टवरील तारीख ही चार ठिकाणे आधी पाहावीत. समजा, उत्पादन नोंदीत तीन ते चार या तासात नेहमीइतकेच नग निघाले आहेत आणि रिपोर्ट घटनेनंतर दोन दिवसांनी लिहिला आहे. मग प्रश्न असे जातात:

"प्रेसवर एका वेळी एकच ऑपरेटर असतो, हे खरे आहे का?"
"त्या पाळीत त्या मशीनवर दुसरा कोणी ऑपरेटर नेमला नव्हता, हे खरे आहे का?"
"ऑपरेटरने बटण दाबल्याशिवाय नग निघत नाही, बरोबर?"
"ही उत्पादन नोंद आपल्या सहीची आहे का?"
"यात तीन ते चार या तासात किती नग दाखवले आहेत?"

येथे थांबावे. "मग माणूस झोपलेला असताना नग कसे निघाले?" हा प्रश्न तोंडावर येतो, पण तो विचारू नये. साक्षीदाराला सुटण्याची वाट आपणच दाखवतो. तो लगेच सांगेल की हेल्परने मशीन चालवले. हा मुद्दा शेवटच्या लेखी युक्तिवादासाठी राखून ठेवावा.

नंतर रिपोर्टकडे वळावे. रिपोर्ट कधी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, त्या रात्री पाळीप्रमुखाला फोन केला होता का, कामगाराला उठवले होते का, दुसऱ्या कोणाला बोलावून दाखवले होते का, पाळी संपताना दिलेल्या अहवालात याचा उल्लेख आहे का. यातील प्रत्येक प्रश्न वेगळा विचारावा आणि उत्तर लिहून होईपर्यंत पुढे जाऊ नये. एका वाक्यात तीन प्रश्न विचारले की साक्षीदार सोयीच्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि उरलेले दोन हवेत विरतात.

फोटोबाबत तो कोणी काढला, कोणत्या मोबाइलवर काढला, मूळ फाईल आता कोठे आहे आणि त्यावर तारीख व वेळ कशी आली हे विचारावे. नुसता कागद फाईलला जोडला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की कागदपत्रातील मजकूर साक्षीदाराकरवी शाबीत व्हावा लागतो.

शेवटी आपला बचाव साक्षीदारापुढे ठेवावाच लागतो. "माझे म्हणणे आहे की त्या वेळी मी काम करत होतो आणि जादा पाळीवरून झालेल्या वादामुळे आपण हा रिपोर्ट दिला." साक्षीदार "हे खरे नाही" असे म्हणेल. तरीही ते विचारलेच पाहिजे, कारण साक्षीदारापुढे न ठेवलेला बचाव पुढे "नंतर सुचलेला" ठरवला जातो.

दोन गोष्टींबाबत खोट्या आशेवर राहू नये. पहिली म्हणजे, या चौकशीला न्यायालयातील पुराव्याचे नियम काटेकोरपणे लागू होत नाहीत आणि आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते. दुसरी, "प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार आणलेच नाहीत" एवढ्यावर प्रत्येक वेळी सुटका होत नाही. हरियाणातील रतनसिंग या बस कंडक्टरच्या १९७७ च्या प्रकरणात प्रवाशांना साक्षीला आणले नव्हते, तरीही तपासणी पथकाच्या निरीक्षकाची साक्ष पुरेशी मानली गेली. एसटीच्या वाहकांनी तर हा निकाल आवर्जून लक्षात ठेवावा. समोर जो साक्षीदार आहे त्याचीच साक्ष मोडायची तयारी हवी.

९. रोजनामा आणि सही

प्रत्येक बैठकीनंतर त्या दिवसाच्या कामकाजाची नोंद (रोजनामा) पूर्ण वाचावी आणि मगच प्रत्येक पानावर सही करावी. आपला प्रश्न नाकारला गेला असेल तर प्रश्न आणि नाकारण्याचे कारण दोन्ही लिहायला सांगावे. ऐकले नाही तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहावे: "माझा प्रश्न क्र. ७ नोंदवला नाही, हरकत." तेही करू दिले नाही तर त्याच संध्याकाळी ईमेल करावा. आठवड्याभराने केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही.

सही करण्यास नकार देऊन उठून जाणे हा निषेध म्हणून समाधान देतो, पण रोजनाम्यात फक्त "कामगाराने सही करण्यास नकार दिला" एवढेच उरते. हरकत लिहून सही करावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पानावर मात्र कधीही सही करू नये. प्रत त्याच दिवशी घ्यावी.

१०. तारीख गैरसोयीची असेल तर

आजारपण, घरातील मृत्यू किंवा प्रतिनिधी उपलब्ध नसणे ही तारीख बदलून मागण्याची योग्य कारणे आहेत. अर्ज तारखेच्या आधी, कारणाच्या पुराव्यासह द्यावा आणि त्यात पुढील दोन-तीन सोयीच्या तारखा सुचवाव्यात. अर्ज दिला म्हणजे तारीख मिळालीच असे समजून घरी बसू नये. लेखी उत्तर आले नाही तर स्वतः किंवा प्रतिनिधीने हजर राहावे.

चौकशी एकतर्फी सुरू झाली असेल तरी दार बंद झालेले नसते. पुढच्या तारखेला हजर होऊन एकतर्फीचा आदेश रद्द करण्याची आणि झालेल्या साक्षीदारांना उलटतपासणीसाठी पुन्हा बोलावण्याची मागणी लेखी करावी. आणि एकतर्फी चौकशीतही व्यवस्थापनाला पुरावा आणावाच लागतो, केवळ गैरहजेरीवरून आरोप सिद्ध ठरत नाही.

११. आपला बचाव

व्यवस्थापनाने पुरावा संपल्याची पुरशीस (तसे लेखी निवेदन) दिल्यावर आपली पाळी येते. साक्षीदार दोन-तीनच घ्यावेत, पण प्रत्यक्ष पाहिलेले घ्यावेत. "हा माणूस चांगला आहे" एवढेच सांगणारे दहा साक्षीदार आरोपाला स्पर्शही करत नाहीत. नोकरी जाईल या भीतीने सहकारी येत नसतील, तर त्यांची नावे देऊन त्यांना कामाच्या वेळेत साक्षीसाठी सोडावे अशी लेखी विनंती चौकशी अधिकाऱ्याकडे करावी. नकार मिळाला तर तो नकार कागदावर राहतो.

स्वतःची साक्ष द्यायची असेल तर आधी लिहिलेल्या वहीवरून तयारी करावी. उत्तरात लिहिलेले आणि साक्षीत सांगितलेले जुळले पाहिजे. न आठवणारी गोष्ट "आठवत नाही" अशीच सांगावी.

यानंतर लेखी युक्तिवाद द्यावा. प्रत्येक आरोपाखाली "व्यवस्थापनाचा पुरावा काय", "उलटतपासणीत काय निघाले (पान क्रमांकासह)" आणि "म्हणून आरोप सिद्ध का होत नाही" एवढेच लिहावे. प्रेसवरील नगांचा मुद्दा आता मांडायचा.

१२. अहवाल, दुसरी नोटीस आणि आदेश

चौकशी अहवालाची प्रत शिक्षा देण्यापूर्वी मिळाली पाहिजे. करुणाकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा हक्क सरकारी व खासगी अशा सर्व आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठी मान्य केला. मात्र प्रत न मिळाल्याने आपल्या बचावाचे नेमके काय नुकसान झाले, हे दाखवावे लागते. केवळ तांत्रिक तक्रार पुरत नाही. अहवालात आरोप सिद्ध झाला नाही असे म्हटले असताना व्यवस्थापन वेगळे मत घेत असेल, तर त्या मतभेदाची कारणे कळवून आपले म्हणणे मागवणे आवश्यक आहे.

अहवाल आणि प्रस्तावित शिक्षा यांबाबत येणाऱ्या दुसऱ्या कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरात दोन स्वतंत्र भाग असावेत. पहिल्या भागात, निष्कर्ष पुराव्याशी का जुळत नाहीत ते लिहावे. दुसऱ्या भागात, प्रस्तावित शिक्षा जास्त का आहे ते लिहावे: किती वर्षे सेवा झाली, पूर्वी शिक्षा झाली होती का, अशाच कृत्याबद्दल दुसऱ्याला कोणती शिक्षा दिली गेली, घरात कमावते कोण आहे. निर्दोष असल्याचे ठामपणे सांगणारे लोक हा दुसरा भाग अपमान समजून गाळतात. तो लिहिल्याने पहिला भाग कमकुवत होत नाही, आणि शिक्षा कमी करण्याचा अधिकार वापरताना न्यायाधिकरण याच गोष्टी पाहते. पूर्वीच्या शिक्षांचा आधार घेऊन मोठी शिक्षा द्यायची असेल, तर त्यांचा उल्लेख नोटिशीत असायला हवा. तो नसेल तर हरकत घ्यावी.

बडतर्फीचा आदेश आल्यास तारीख लिहून तो स्वीकारावा. हिशेबाची रक्कम घेताना "पूर्ण व अंतिम, कोणतीही तक्रार नाही" अशा छापील कागदावर सही करू नये. रक्कम बँकेत जमा झाली तर "हक्क राखून स्वीकारली" असे पत्र त्याच आठवड्यात पाठवावे. वाद उपस्थित करण्यासाठी संहितेने दोन वर्षांची मर्यादा ठेवली आहे आणि काही उपायांच्या मुदती याहून पुष्कळ लहान असतात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांतच कामगार कायद्याच्या वकिलाकडे किंवा युनियनकडे जावे. जाताना आरोपपत्र, लिफाफे, पोच असलेली सर्व पत्रे, प्रत्येक तारखेचा रोजनामा, अहवाल, दोन्ही नोटिसांची उत्तरे आणि घटनेची हकीकत लिहिलेली ती वही तारखेच्या क्रमाने लावून न्यावी, आणि मूळ कागद कोणाकडेही न ठेवता फक्त छायाप्रती द्याव्यात.